कंडक्टर शेवटी उतरतो

गुड फ्रायडेला आमच्या एसटीची घंटी वाजत नसे. दोरी जागेवर, घंटी जागेवर. पण आमचा कंडक्टर लाझर त्या दिवशी दोरीला हात लावायचा नाही. खिशातून सागाचा एक ठोकळा काढायचा आणि गाडीच्या पत्र्यावर मारायचा. एक ठोका, थांब. दोन ठोके, चल. मी ड्रायव्हर, डहाणूच्या मच्छीमाराच्या घरातला. मला या गोष्टी काय ठाऊक? पहिल्या वर्षी मला वाटलं, इंजिनातच काहीतरी ठोकतंय. गाडी बाजूला घेऊन मी बॉनेट उघडलं, तर हा मागून ओरडतोय, "पायलट, आज घंटी मुकी! देवळात पण आम्ही पास्खापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, लाकूडच वाजवतो. एसटी काय देवळापेक्षा मोठी लागून गेली?"

लाझर झरीचा, वारली ख्रिस्ती. गाडीत तीन भाषांत खेकसायचा. "पुढं सरका, आगळ जाव, आगे बढो! अरे बाबांनो, मी तुमचं काय वाकडं केलंय?"

हे शेवटचं वाक्य त्याला गाण्यातून लागलं होतं. झरीच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचा तो म्होरक्या; त्या दिवशी सकाळच्या फेऱ्या उरकून तिथं पोचायचा. गुड फ्रायडेला दुपारी लोक एकेक करून क्रुसापुढे गुडघे टेकतात, क्रुसाचा मुका घेतात, आणि रांग संपेपर्यंत गाणं चालू ठेवायचं असतं. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा. त्या गाण्यात क्रुसावरचा देव आपल्याच माणसांना विचारतो, की मी तुमचं काय वाईट केलं म्हणून मला हे दिवस दाखवलेत? उपासाचे चाळीस दिवस लाझर माझ्या पाठीमागे तेच गुणगुणायचा. ब्रेक, गिअर आणि ते गाणं, असा माझा उन्हाळा जायचा. मी वैतागायचो. पण पाठ झालं, त्याला काय करणार?

रांगेची त्याला भारी काळजी. म्हातारीकोतारी हळू चालतात, तर हा कडवं लांबवायचा. पोरं धावत आली की डोळे वटारायचा. सगळे होऊन गेले की त्याची बायको आग्नेसवहिनी गाणं आपल्या गळ्यावर घ्यायची, आणि मग हा अनवाणी क्रुसाकडे जायचा. सगळ्यात शेवटी. "पॅसेंजर उतरल्याशिवाय कंडक्टर उतरतो का?" हे ठरलेलं उत्तर. परत येऊन बायकोवर कुरकुरायचा ते वेगळंच.

आम्ही दोघं रिटायर झालो. गेल्या पावसाळ्यात आग्नेसवहिनी गेली. चार दिवसांचा ताप काय आणि माणूस जातं काय. त्यानंतर लाझर बोलायचाच कमी झाला. अंगणात कोंबड्या फिरायच्या, त्यांच्यावरसुद्धा खेकसायचा नाही. मला ते घर बघवत नसे.

यंदा उपास सुरू झाल्यावर मी त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, "मी गाईन. पण क्रुसाला जाणार नाही."

"का रे?"

"मी गेलो तर गाणं धरील कोण? गाणारी पोरं सगळी वापीला कंपनीत. दोन पोरी उरल्यात, त्या माझ्या तोंडाकडे बघून गातात. मी उठलो की त्या गप्प. गाण्यावाचून कसा जाऊ देवापुढं? तीस-पस्तीस वर्षं तिच्या गाण्यावर गेलोय मी."

मी म्हणालो, "मोबाईलवर लावू."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सुटे पैसे न देता चढलोय. "मशिनीनं तिकीट फाडलं म्हणून गाडी हलते का, पायलट?"

गुड फ्रायडेला मी झरीला गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. रांग लागली. लाझरचा आवाज पार बसलेला. मी तुमचं काय वाईट केलं, हे तो गात होता, पण यंदा देव माणसांना विचारत नव्हता. लाझर देवाला विचारत होता.

रांग संपली. शेवटची म्हातारी बाकावर येऊन बसली. लाझर थांबेना. तेच कडवं पुन्हा, परत पुन्हा. पोरी गप्प झाल्या. फादर क्रूस धरून उभे. लाझर क्रुसाकडे बघत होता आणि जागचा हलत नव्हता.

मला राहवलं नाही. मी समोरच्या बाकावर मुठीनं दोन ठोके मारले. ठक, ठक. सगळं चर्च मागे वळलं. लाझरनं पण पाहिलं. मी उभा राहिलो आणि पुढचं कडवं उचललं. माझा आवाज म्हणजे घाटात अडकलेला गिअर. एक पोर हसलं. मग त्या दोन पोरी माझ्यामागून गाऊ लागल्या, बहुतेक दयेनं.

लाझरनं चपला काढल्या. हळूहळू गेला, गुडघे टेकले, क्रुसावर तोंड ठेवलं. बराच वेळ उठलाच नाही. तोवर मी सगळी कडवी गायली, आणि संपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर चिंचेखाली तो माझ्याजवळ आला. डोळे लाल. म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात सूर पाडलास."

"पडला असेल. मी काय गवई आहे?"

"आग्नेस पण तिथंच पाडायची." त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "पुढच्या वर्षी पण तिथंच पाड, हां."