आरपार घर

एका तासासाठी अख्खी गल्ली थांबवून दाखवीन, असं शलाकाने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा तिचा नवरा नचिकेत पोहे खात होता. त्याने वरून आणखी थोडी शेव भुरभुरवली आणि खाली मान घालून खात राहिला. त्या घरात राहून राहून तो वादाच्या पलीकडे गेला होता.

घरच तसं होतं. इंदूरच्या राजवाड्याच्या मागे, दोन गल्ल्यांच्या मध्ये दाबून बसवलेलं. पुढचं दार कपडा बाजारात, मागचं देवळाच्या गल्लीत, आणि मधली खोली म्हणजे चक्क रस्ता! घरमालक बाबूरावांच्या आजोबांनी कधीकाळी गल्लीला शब्द दिला होता, की दिवेलागणीपर्यंत कुणालाही इथून जाऊ देऊ. आजोबा गेले, शब्द राहिला आणि भाडेकरूंच्या गळ्यात पडला. जागा मोक्याची आणि भाडं बेताचं, म्हणून या दोघांनी हो म्हटलं. मग कळलं, की आपण आमटीला फोडणी देत असताना परका माणूस "हींग थोडी ज्यादा हो गई भाभीजी" असं सांगून पुढे निघून जातो.

बाकीच्या खोल्या नव्हत्या असं नाही. पण त्यांच्या भिंती हातभर जाडीच्या, तिथे मेलं नेटवर्कच यायचं नाही. ते यायचं फक्त त्या मधल्या खोलीत. आणि शलाकाची मुलाखत होती ऑनलाइन.

आधीची कंपनी बंद पडल्यापासून ती घरी होती. घरी असणं म्हणजे काय, तर दिवसभर जगाची ये-जा बघणं. अगदी जीव विटला होता तिचा. हिशेब विभागातली ही नोकरी तिला हवी म्हणजे हवीच होती. नचिकेतने सुचवून पाहिलं की माझ्या मित्राच्या घरी बसून मुलाखत दे. तिने साफ नकार दिला. भाडं भरतो त्या घरात एक तास मिळत नसेल, तर लग्नातली भांडी घेऊन फुटपाथवर जाऊन राहू, म्हणाली.

तिने घरोघर, दुकानोदुकानी जाऊन सांगितलं, की मुलाखतीच्या तासाभरात घरातून कुणी जाऊ नका. कापडवाला विक्रम भिया, म्हणजे गल्लीचा भैया, म्हणाला, टेन्शन मत लो. पापडवाल्या रमाकाकूंनी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या. पण खरं सांगायचं तर रस्ता बंद होऊ शकतो हे कुणाच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. बिचारीला कॅमेऱ्याची अडचण आहे, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

मुलाखतीच्या दिवशी शलाकाने दोन्ही दारांना आतून कड्या घातल्या आणि लॅपटॉपसमोर बसली. पडद्यावर पुण्याचे साहेब, हैदराबादचे साहेब आणि इंदूर शाखेच्या अरुंधती मॅडम. सुरुवात झकास झाली. जीएसटीचा प्रश्न आला आणि शलाका रंगात आली.

तेवढ्यात मागे खुट्ट झालं. फटीतून पट्टी सरकवून ती कडी बाहेरून कशी काढायची, हे गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

पडद्याच्या खालच्या कडेने एक पापडांची परात हळूहळू डावीकडून उजवीकडे निघाली. खाली माणूस नाही, काही नाही, नुसती परात! कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून रमाकाकू गुडघे दुखत असतानाही बसत-सरकत चालल्या होत्या.

"तुमच्या मागून पापड गेले का?" पुण्याच्या साहेबांनी विचारलं.

"हो सर, वाळायला चाललेत," शलाका म्हणाली आणि पुन्हा जीएसटीवर आली.

पापड जातात न जातात तोच विक्रम भियाचा दुकानातला पुतळा आला. त्याला मुंडकं नव्हतं, अंगात नवरदेवाची शेरवानी होती. भिया स्वतः ओणवा झाला होता, पण पुतळा मळू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी वर धरला होता. हैदराबादचे साहेब खुर्चीत मागे सरकले. शलाकाने दात-ओठ खात इनपुट क्रेडिट समजावून सांगितलं. आज भूकंप झाला तरी उठायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

शेवटी खुद्द बाबूराव आले. स्वतःच्या घरात ते कशाला वाकतील? ते ताठ उभे राहिले, पडद्याला नमस्कार केला आणि म्हणाले, "मुलगी हुशार आहे. पण भर दिवसा दाराला कडी घालते, हे काही बरं नाही."

संपलं सगळं, असं शलाकाला वाटलं. रडूच यायचं बाकी होतं. पण अरुंधती मॅडम एकदम पुढे झुकल्या.

"बाबूराव? म्हणजे हे आरपार घर आहे का? शाळेत असताना मी रोज इथूनच जायचे! अजून चालू आहे रस्ता?"

"चालू आहे म्हणून तर ही दशा आहे, मॅडम," शलाका म्हणाली. "आता ते इनपुट क्रेडिट पूर्ण करू का?"

नोकरी मिळाली. पुतळा डोक्यावर असताना जिचं उत्तर चुकत नाही, ती ऑडिटला काय घाबरणार, असं हैदराबादचे साहेब म्हणाले म्हणे. शलाकाने गल्लीभर पेढे वाटले आणि जिंकल्यासारखी ऑफिसला जाऊ लागली. ऑफिस कपडा बाजारातच, चार दुकानं सोडून.

पुढे पावसाळ्यात मैत्रिणींचं मांडूला सहलीला जायचं ठरलं. सुट्टी शिल्लक नव्हती, तेव्हा आजारी पडणं आलंच. त्यातून देवळाकडे वळसा घालून जाणारा रस्ता खोदून ठेवलेला, त्यामुळे सकाळपासून घरातून नुसती जत्रा चालली होती. पण नेटवर्क तिथेच! शलाका मधल्या खोलीत बसली, समोरच्या स्टुलावर लांब पाय पसरले, जिलबीची बशी मांडीवर घेतली आणि अरुंधती मॅडमना फोन लावला. आवाजात आजार उतरावा म्हणून तिने डोळेही मिटून घेतले.

"मॅडम, फार ताप आहे हो. अंथरुणातून उठवतसुद्धा नाही."

मॅडमचा आवाज फोनमधून आला, आणि तोच आवाज डोक्यावरूनही आला.

"आराम करा, शलाकाजी. फक्त पाय तेवढे बाजूला घ्या, मला पलीकडे जायचंय."