हानाबेंच्या निवृत्तीनिमित्त दहिसरमध्ये एक टेबल रिकामे करण्यात आले

मोठा माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याला स्वतःला फारसा त्रास होत नाही. तो सकाळी उशिरा उठतो, सावकाश चहा पितो आणि झाडांना पाणी घालतो. खरा त्रास होतो तो त्याच्या चाहत्यांना, कारण त्यांना त्याच दिवसापासून कामाला लागावे लागते.

तोमोजिरो हानाबे हे जपानमधले थोर अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक. वय ब्याऐंशी. उभा जन्म त्यांनी हाताने चित्रे काढण्यात आणि ती चालती-बोलती करण्यात घालवला. एका सेकंदाला बारा चित्रे, असा त्यांचा हिशेब. (आपण एका सेकंदात अंगठ्याने किती चित्रे वर ढकलतो, याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाही.) एका मंगळवारी त्यांनी तीन वाक्यांचे निवेदन दिले आणि काम थांबवले. ती तीन वाक्ये अशी: "मी थकलो आहे. टेबल रिकामे आहे. ज्याला काढायचे असेल त्याने येऊन बसावे."

या निवेदनाचा टोकियोत काय परिणाम झाला ते ठाऊक नाही. दहिसर पूर्वेला मात्र, नदीच्या अंगाला असलेल्या एका पुनर्वसन इमारतीच्या सातव्या मजल्यावर, एक तरुण हातात टूथब्रश घेऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसला. हा सिद्धेश. अंधेरीच्या एका विमा कचेरीत नोकरी, आणि 'हानाबे चाहते मंडळ, दहिसर (नोंदणी प्रलंबित)' या संस्थेचे अध्यक्षपद. त्याची आई सोनूबाई भाकरी थापत होती. तिने परात बाजूला सारली.

"काय झाला रे? कोण गेलो?"

"कोण नाय गे आये. हानाबे सर निवृत्त झाले."

"मगे रडतस कित्याक? पेन्शन गावतली मां तेका?"

"तुका नाय कळाचा."

"नको कळांदे. गिरण बंद पडली आणि तुझो बापूस घराक बसलो, तेव्हा कोण रडाक इल्लो?"

हा प्रश्न मंडळाच्या कार्यकक्षेत येत नसल्याने सिद्धेश दात घासायला उठला.

त्याचे दुःख खोटे होते असे मात्र कोणी समजू नये. तो नऊ वर्षांचा असताना चाळीत केबलवर त्याने हानाबेंचा एक चित्रपट पाहिला होता. त्यात एक म्हातारी ढगांवरून होडी वल्हवत जाते आणि गावोगावच्या लोकांचे विसरलेले आवाज गोळा करते. त्या दुपारी चाळीत नळाला पाणी आले, तरी सिद्धेश हंडा घेऊन उठला नाही. ज्याने मुंबईत चाळ पाहिली आहे, त्याला यावरून चित्रपटाची थोरवी कळावी. पुढे बापाची नोकरी गेली, चाळ गेली, टॉवर आला. पण कुठेतरी एक म्हातारा टेबलाशी बसून चित्र काढतो आहे, एवढ्याने त्याला बरे वाटत असे. आता तेही संपले होते.

दुःख एकट्याने करायचे असते, हा समज जुना आहे. मंडळाची तातडीची बैठक त्याच संध्याकाळी झाली आणि सचिव तेजलने शोकाची रीतसर आखणी केली. ज्यांनी चित्रपट मूळ जपानीत, खाली अक्षरे वाचत पाहिले त्यांचा शोक पहिल्या दर्जाचा. हिंदी डबिंगमध्ये पाहिले त्यांचा दुसऱ्या. आणि ज्यांनी फक्त मोबाइलवर तुकडे पाहिले, त्यांना 'सहानुभूतिदार' म्हणून मागच्या खुर्च्या. यावर यज्ञेश भडकला. त्याने सगळे चित्रपट हिंदीत, पण सात-सात वेळा पाहिले होते.

"अरे यार, रडू काय जपानीत येतं का? तू वाचत बसलीस ना खालचं, तोवर चित्र गेलं पुढे. चित्र मी बघितलंय!"

"यज्ञेश, विषयाला धरून बोल ना."

"विषयच हा आहे!"

शेवटी सात हिंदी बरोबर एक जपानी असे सूत्र ठरले आणि दुखवटा पुढे सरकला.

पहिले पाऊल म्हणून सर्व सभासदांनी आपापले फोटो हानाबेंच्या शैलीत बदलून घेतले. फोनमधले एक अ‍ॅप हे काम अकरा सेकंदांत करते. लग्नाचे फोटो झाले, बारशाचे झाले, यज्ञेशच्या स्कूटरचा झाला. एका रात्रीत मंडळाने हानाबे शैलीची जेवढी चित्रे निर्माण केली, तेवढी खुद्द हानाबेंना काही वर्षांत जमली नसती. हाताने काढलेल्या चित्रावरचे प्रेम व्यक्त करण्याची इतकी जलद पद्धत जगात दुसरी नाही. मंडळात स्वतःला चित्र काढता येणारे किती, याचीही पाहणी झाली. एकशे चाळीस सभासदांत एकच जण निघाला. त्याने शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, तीही सी ग्रेडने. त्याला ध्वनिव्यवस्था सोपवण्यात आली.

मग फ्लेक्स. मुंबईत फ्लेक्स लागल्याशिवाय कोणतीही घटना घडली असे कायदेशीररीत्या मानले जात नाही. फ्लेक्सच्या मधोमध हानाबेंचे चित्र (अ‍ॅप, अकरा सेकंद), वर 'भावपूर्ण निरोप', दोन्ही बाजूंना कार्यकारिणीचे फोटो, आणि खाली शुभेच्छुक म्हणून हात जोडलेले तीन स्थानिक कार्यकर्ते. त्यांच्यापैकी एकाने "हे हानाबे कुठल्या वॉर्डाचे?" असे आपुलकीने विचारले होते. एवढे सगळे बसवल्यावर निवेदनातल्या तीन वाक्यांसाठी जागा उरली ती एका वाक्यापुरती. 'मी थकलो आहे' हे फ्लेक्सवर बरे दिसेना, विशेषतः कार्यकर्त्यांच्या फोटोवर. तिसरे वाक्य लांब होते. म्हणून मधले राहिले: 'टेबल रिकामे आहे.'

फ्लेक्स गेटवर चढत असताना तिसऱ्या मजल्यावरची नऊ वर्षांची श्रुतिका तिथे मान वर करून उभी होती.

"सिद्धेशकाका, ह्या आजोबांनी पेन्सिल उलटी धरलीये."

सिद्धेशने पाहिले. खरेच. टोक वर आणि खोडरबर कागदावर.

"खोडरबराने कसं काढणार?" श्रुतिकाने शांतपणे विचारले.

कार्यकारिणी तिथेच उभ्या उभ्या भरली आणि पाच मिनिटांत असा निष्कर्ष निघाला की चूक वगैरे काही नाही. कलावंत निवृत्त होताना स्वतःलाच पुसून टाकतो, हे त्यातून सुचवले आहे. तेजलच्या डोळ्यांत पाणी आले. अ‍ॅपला एवढी खोली असेल असे कोणालाच वाटले नव्हते.

पुढचे सगळे 'टेबल रिकामे आहे' या वाक्यातून क्रमाक्रमाने निघाले. वाक्य गेटवर लागले, म्हणजे आत टेबल हवे. टेबल हवे, तर ते रिकामे हवे. इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या समाजमंदिरात लांबलचक, जुने, शाईचे डाग पडलेले, अगदी हानाबेंचे वाटावे असे एक टेबल होतेही. त्यात दोष एकच होता. ते रिकामे नव्हते.

ते टेबल कुंडलिक सरांचे. सर पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. (त्यांच्या निरोपाच्या दिवशी शिपाई रजेवर असल्याने हार आला नव्हता.) शाळेने टेबल भंगारात काढले तेव्हा सरांनी ते टेम्पोतून इथे आणले, आणि तेव्हापासून दर रविवारी ते इमारतीतल्या मुलांना चित्रे हलवायला शिकवतात. टेबलाच्या मधली फळी काढून तिथे काच बसवलेली, खाली बल्ब. काचेवर एक चित्र, त्याच्यावर कोरा कागद. खालच्या उजेडात आधीची रेघ दिसते, आणि नवी रेघ तिच्यापेक्षा किंचित पुढे काढायची. असे शेकडो कागद झाले की चित्र चालू लागते. मुलांचा असा एक छोटा चित्रपट गेले आठ महिने चालला होता आणि शेवटचा तुकडा तेवढा उरला होता. काचेखालच्या या बल्बच्या विजेबद्दल सोसायटीने सरांना दोनदा समज दिली होती.

रविवारी सिद्धेश फीतपट्टी घेऊन टेबलाचे माप घ्यायला गेला.

"जय भीम, सर."

"जय भीम. ये रे, बस. जरा हळू, कागद हलतील."

तो बसला. श्रुतिकाने त्याच्यापुढे एक कोरा कागद सरकवला आणि हातात पेन्सिल दिली. सरळ.

"काका, एक काढा ना. आधीच्यापेक्षा थोडंसंच पुढे."

काचेखालच्या उजेडात एक बाकदार रेघ दिसत होती. सिद्धेशने पेन्सिल टेकवली. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा त्याच्या ध्यानात आले की आपण श्वास रोखून धरला आहे, आणि मंगळवारपासून छातीत जे दुखत होते, ते आत्ता दुखत नाही. मंडळाच्या शोकाच्या आखणीत या अवस्थेला दर्जा दिलेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. मंडपवाला आला होता. सिद्धेश उठला.

"सर, पुढच्या रविवारपासून टेबल लागेल आम्हाला."

"किती दिवस?"

"तसं... कायमचंच. स्मृतिदालन करतोय. हानाबे सरांचं."

कुंडलिक सरांचा आवाज कधी चढत नसे. मुलांना वर्षानुवर्षे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून तो सपाट झाला होता.

"सिद्धेश, बाळा, त्यांचं तिसरं वाक्य वाचलंस का?"

"वाचलं ना सर. ज्याला काढायचं असेल त्याने येऊन बसावं."

"मग?"

"सर, ते त्यांच्या तिकडच्या टेबलाबद्दल आहे."

"बरं," सर म्हणाले. "मुलांचा शेवटचा तुकडा राहिलाय. त्यांना एवढं दीड-दोन महिने बसू दे. मग ने."

हे सिद्धेशने कार्यकारिणीपुढे ठेवले, आणि कळकळीने ठेवले. तेजलने विचारले की मुले बसलेली असतील तर टेबलाला रिकामे कसे म्हणता येईल. यज्ञेशने विचारले की त्यांतल्या किती मुलांनी हानाबेंचे चित्रपट पाहिले आहेत. एकाही मुलाने पाहिलेला नव्हता. त्यांना रविवारी वेळच नसे, ती चित्रे काढत. म्हणजे सहानुभूतिदारांच्या खुर्च्यांवरही त्यांचा हक्क पोचत नव्हता. ठराव बारा विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. अध्यक्षाला मत नसते. आपल्या सार्वजनिक जीवनातली ही एक मोठी सोय आहे, आणि सिद्धेशने ती वापरली.

सोहळा देखणा झाला. हानाबेंच्या फोटोला शाल-श्रीफळ दिले. (फोटोने ते स्वीकारले.) 'आता हाताने कोण काढणार?' या विषयावर चार भाषणे झाली आणि चौथ्याला सभागृह अक्षरशः हुंदके देत होते. भाषणे चालू असताना बाहेर जिन्यावर मांडीवर पाट्या आणि त्यांवर कागद घेऊन मुले हाताने काढत होती. त्यांच्या कुजबुजीचा भाषणांना अडथळा होऊ नये म्हणून दार लावून घेण्यात आले.

टेबलाभोवती आता मखमली दोरी आहे. 'येथे कोणीही बसू नये' अशी पाटी आहे. काचेखालचा बल्ब अखंड ज्योत म्हणून चोवीस तास तेवत असतो, आणि विजेबद्दल सोसायटीची तक्रार नाही. कपाटात हानाबेंच्या पात्रांचे मग, टी-शर्ट आणि किल्ल्यांच्या साखळ्या मांडल्या आहेत. टेबलावर मधोमध एक पेन्सिल आहे. खोडरबराची बाजू कागदाकडे, फ्लेक्सप्रमाणे.

जिन्यात खालून उजेड नाही. कागद आधीच्या कागदावर नीट बसत नाही, त्यामुळे चित्र हलते तेव्हा थरथरते. कुंडलिक सरांनी डब्याच्या पारदर्शक झाकणाखाली मोबाइलची बॅटरी लावून पाहिली. एका वेळी एकाच मुलाचे काम होते. बाकीची रांगेत बसतात. आठ महिन्यांचे काम अजून संपलेले नाही आणि दोन मुले यायची थांबली आहेत. श्रुतिका येते. सिद्धेश हल्ली रविवारी पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्ट घेतो.

स्मृतिदालन सर्वांना खुले आहे. आपणही यावे. रविवारी लिफ्टला फार गर्दी असते, तेव्हा जिन्याने यावे. पायऱ्यांवर मुले बसलेली असतील, ती बाजूला सरकतात, त्यांना सवय झाली आहे. रिकाम्या टेबलासोबत फोटो काढता येतो आणि तो हानाबे शैलीत करून देण्याची मोफत सोयही आहे.

सभासद व्हायचे असल्यास आपली वेगळी परीक्षा घेतली जाणार नाही. हानाबेंचे वय, त्यांची तीन वाक्ये, ढगांवरची म्हातारी, हे सारे आपण इथवर मन लावून वाचले आहे. मुले आठ महिने चित्र कशाचे काढत आहेत, हे मात्र आपण एकदाही विचारले नाही. मंडळातही अजून कोणी विचारलेले नाही.

सभासदत्व मंजूर.