गोड वास गेल्यापासून

श्रीशैलच्या खोलीतला गोड वास बंद झाला आणि सोनाबाईंनी ओळखलं, पोरगं बिघडलं.

त्याआधी वर्षभर त्या खोलीतून कधी आंब्याचा, कधी गुलाबाचा वास यायचा. मुलगा कामावरून आला की दार लावून उदबत्ती लावतो, अशी त्यांची पक्की समजूत. सोयरिकीच्या बोलण्यात त्यांनी ज्ञानदाच्या घरच्यांना हे कौतुकानं सांगितलंही होतं, "पोरगा लई देवाधर्माचा हाय." श्रीशैल तेव्हा मान खाली घालून पोहे खात होता. पुढं ज्ञानदाला त्याच्या गाडीच्या डिक्कीत ओढायचं ते रंगीत, आंब्याच्या वासाचं व्हेप सापडलं. हे सुटल्याशिवाय साखरपुड्याची तारीख धरायची नाही, असं तिनं सरळ सांगून टाकलं.

म्हणून बिचाऱ्यानं सोडलं. आता काय सांगायचं, सोडणं म्हणजे नुसता ताप. चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकाला टॉवेल दाखवताना हात आपोआप खिशाकडं जायचा. झोप उडाली. तोंडाला चाळा म्हणून शेंगा खायचा, घरभर टरफलं. बंदी असली तरी चहाच्या टपरीवर कुठल्या ना कुठल्या दोस्ताच्या खिशात व्हेप असायचंच, म्हणून टपरी सुटली, दोस्तही सुटले. तो घरी बसून सगळ्यांवर खेकसायला लागला.

"झोप न्हाय, दोस्त न्हाईत, उदबत्ती तर लावतच न्हाय," सोनाबाईंनी मंगळवेढ्याला भावाला फोन केला. "दादा, ह्यो कसल्या तरी नादाला लागलाय."

प्रभुलिंगमामा दुपारच्या एसटीनं आले. दिवाणावर मांडी घातली, चंची सोडली आणि तळहातावर तंबाखू मळत भाच्याला समजवायला बसले.

"व्यसन लई वाईट रे. माणूस पार कामातनं जातो."

"व्हय मामा." श्रीशैलची नजर मामांच्या तळहातावरून हलेना.

"काय बगतूस? पायजे का चिमूटभर? घे की. त्या नशेपरीस हे बरं, डोकं गार ऱ्हातं."

खरं सांगायचं तर श्रीशैल थकला होता. एका चिमटीनं काय होतंय, असं वाटून त्यानं हात पुढं केलाच.

इकडं स्वयंपाकघरात सोनाबाईंना राहवेना. परक्याच्या लेकीला फसवायचं नाही, म्हणून त्यांनी स्पीकर लावून ज्ञानदालाच फोन केला.

"पोरी, आमचा श्रीशैल बिघडलाय बग."

"चिडतोय का, आई?"

"लई."

"खोलीत वास येतो?"

"कसलाच न्हाय. आदी कसा देवळावानी यायचा."

"मग बरंय की. मी बाबांना तारीख बघायला सांगते."

बाहेर श्रीशैलनं हात मागं घेतला. सोनाबाई फोन घेऊन दारात आल्या. "ही पोरगी डोक्यानं बरी हाय का रे?"

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. सोनाबाई खाली बसल्या.

"मंजी ती उदबत्ती नव्हती?"

"नव्हती."

"आन मी त्या लोकांना काय काय सांगून बसले."

मामांनी चंची गुंडाळून खिशात घातली. सोनाबाईंचा हात कमरेकडं गेला. तिथं मिश्रीची डबी असायची. दात घासायचं निमित्त, पण दिवसातून कितीदा ती तंबाखू हिरड्यांना लागायची ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"मी बी सोडली होती एकदा," त्या म्हणाल्या. "अशीच खेकसायची. तुज्या बापाला वाटलं, म्हायेरची आटवण येतीय. म्हायेरला धाडलं. तितं आईनं नवी डबी दिली."

श्रीशैलला हसावं की रडावं कळेना. आईची त्याला फार दया आली.

"धर," त्यांनी डबी त्याच्या हातात कोंबली. "मी मागितली तरी देऊ नको."

सकाळी मामा चहासुद्धा न घेता पहिल्या एसटीनं निघून गेले. आणखी राहिलो तर आपलीही चंची जाईल, अशी त्यांना धास्ती होती. श्रीशैल कामावर निघाला तेव्हा ज्ञानदाचा फोन आला.

"कसं चाललंय?"

"आई पहाटेपासनं भांडी आपटतीय. डबी दिली न्हाय तर आपल्या लग्नाला येत न्हाय म्हणती."

"मग बरंय की," ज्ञानदा म्हणाली.