हरकत असेल तर आत्ता बोला

उकंडाजींनी एकदा भर सभेत स्वतःच्याच सत्काराला हरकत घेतली. गावच्या विहिरीसाठी त्यांनी आपल्या शेताचा तुकडा दिला होता, म्हणून पंचायतीने हार-नारळ आणले. उकंडाजी फेटा सावरत उठले. "माही हरकत हाय. तो तुकडा मुरमाड व्हता. तिथं कुसळ उगवत नव्हतं. मंग सत्कार कायले?" हार त्यांनी सरपंचांच्याच गळ्यात घातला. नारळ मात्र काखोटीला मारला. "हरकत सत्काराले हाय, नारयाले नाही."

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी कामरगावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि माझ्या खोलीला लागूनच उकंडाजींचं घर होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वतः भाकरी थापायची, एकट्याने खायची आणि मग ओट्यावर बसून जगाला हरकती घ्यायच्या, हा दिनक्रम. शाळेतल्या नकाशालाही त्यांनी सोडलं नाही. "ज्या नकाशात आपलं गाव नाही, तो पोराईले शिकवता कायले?" मी शाईने ठिपका काढला. दुसऱ्या दिवशी ठिपका चुकीच्या जागी पडल्याची हरकत.

गाव त्यांना हेकट म्हणे. म्हणो बापडं! मला विचाराल तर सगळेच माना डोलावणारे असले की गावाला असा एक माणूस हवाच. तो आपला शेजारी नसावा, एवढंच.

त्यांना तोंडावर उलट उत्तर देणारी गावात एकच होती, रूथ. दवाखान्यातल्या नर्स सालोमीबाईंची मुलगी. सालोमीबाई मूळच्या नगरकडच्या, अँग्लिकन ख्रिस्ती. नवरा वारल्यावर तान्ही पोर घेऊन इथे आल्या आणि गावातली निम्मी लेकरं त्यांच्याच हातावर जन्मली. रूथ लहानपणापासून दुपारभर उकंडाजींच्या ओट्यावर. ते म्हणायचे, "माही हरकत हाय," आणि ही फ्रॉक झटकत म्हणायची, "काका, नामंजूर!" मग दोघं तासभर भांडायचे. इतकं खूश मी त्यांना एरवी कधीही पाहिलं नाही.

रूथचं लग्न ठरलं. मुलगा नगरचा, मिशनच्या शाळेत मास्तर. सालोमीबाईंनी हट्ट धरला की लग्न याच गावात होईल. बिशपसाहेबांची खास परवानगी काढली, आमच्या शाळेची मोठी खोली ठरली. मुलाच्या वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी बजावलं, "जरा गडबड झाली तर वऱ्हाड परत जाईल. पुढचं पुढे बघू."

गावकऱ्यांना रीत समजावून सांगायचं काम लग्न लावायला येणाऱ्या पाद्रीसाहेबांनी माझ्या गळ्यात टाकलं. मी शाळेच्या ओसरीवर गाव जमवलं. सांगितलं की नवरी आत आली की सगळ्यांनी उभं राहायचं. अक्षता मध्येच टाकायच्या नाहीत, बाहेर आल्यावर काय ते टाका.

"अंतरपाट नाही, अक्षता नाही," एक म्हातारा म्हणाला, "मंग लगन लागलं हे समजंन कसं?"

"पाद्रीसाहेब सांगतील."

"जेवन हाय ना?"

"आहे."

गावाचं समाधान झालं. मग मी म्हणालो, पुरुषांनी टोप्या काढून बसायचं, फेटा असला तर चालेल. झालं! उकंडाजी उठले. "माही हरकत हाय. फेट्याले माफी अन् टोपीले शिक्षा काहून?" स्वतःच्या डोक्यावर बारा हातांचा फेटा, आणि भांडण टोपीवाल्यांसाठी! टोपीवाल्यांनीच त्यांना हात धरून खाली बसवलं.

शेवटची गोष्ट सांगताना माझी जीभ चाचरली. या लग्नात पाद्री सगळ्यांसमोर विचारतात की या दोघांच्या लग्नाला कोणाची हरकत असेल तर त्याने आत्ता सांगावी, नाहीतर कायमचं गप्प राहावं. कोणी हरकत घेतलीच तर लग्न तिथेच थांबवून चौकशी करावी लागते.

मग एकेक मान उकंडाजींकडे वळली. ते मिशीवर हात फिरवत होते.

"असं इचारतेत?" ते म्हणाले. "लय चांगली रीत हाय. आपल्यात कोनी इचारतच नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, माझ्या मेहुण्याला रिसोडला बैलजोडी घ्यायची आहे, नेमकी लग्नाच्याच दिवशी तुमची पारखी नजर हवी.

"बैल दोन दिसांनी बी बैलच राह्यते," ते म्हणाले. "मले बलावनं हाय. मी येनार."

"या हो, पण गप्प बसाल ना? पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"इचारलं तं सांगीन. आयकायचं नाही तं इचारते कायले?"

मी धावत सालोमीबाईंकडे गेलो. त्या इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, मी त्यांना आपण होऊन बोलावलंय. कोणाचं तोंड बांधून मला मुलीचं लग्न लावायचं नाही. मोडलं तर मोडलं." मी घरी आलो. शेजारी एक हट्टी, समोर दुसरी. मी सुतासारखा सरळ माणूस, माझं कोण ऐकतो!

लग्नाच्या दिवशी खोली गच्च भरली. टोप्या मांडीवर. नगरची मंडळी पुढच्या बाकांवर ताठ बसलेली. हातपेटी वाजली, मामाचा हात धरून पांढऱ्या साडीतली रूथ आली आणि सगळं गाव शाळातपासणीला उठावं तसं धडाधड उठलं. पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं, प्रार्थना झाली, आणि तो प्रश्न आला.

मी डोळे मिटले. बाक करकरला. उघडून बघतो तर उकंडाजी उभे!

"माही हरकत हाय."

मुलाचे वडील ताडकन उठले. सालोमीबाई जागच्या हलल्या नाहीत. पाद्रीसाहेबांनी चष्मा काढला. "काय हरकत आहे? या दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालंय? काही नातं लागतं?"

"तसं काई नाही. पोरगा चांगला हाय, म्या चौकशी केली."

"मग कायद्याने काय अडचण आहे?"

"कायद्यानं नाही." उकंडाजींचा आवाज एकदम बसला. "पोट्टी नगरले चालली. मले करमनार नाही. दुपारी ओट्यावर म्या कोनासंग भांडू? कोनी इचारलं नाही मले. तुमी इचारलं, म्हनून सांगितलं."

या माणसाच्या तोंडून पंधरा-वीस हरकती तरी मी ऐकल्या होत्या, पण स्वतःसाठी घेतलेली ही पहिलीच.

पाद्रीसाहेब हळूच म्हणाले, "बाबा, या कारणाने लग्न थांबवता येत नाही."

"थांबवा असं कोन म्हनते? बसतो मी. पन हरकत हाय."

ते बसणार तोच रूथ मागे वळली. विधी चालू असताना नवरीने मध्येच बोलायचं नसतं, हे मीच सगळ्यांना बजावून सांगितलं होतं.

"काका, दिवाळीले येईन ना मी."

"दिवाळी तं तुमच्यात नसते."

"तुमच्यात असते ना."

मुलाचे वडील अजून उभेच होते. ते उकंडाजींकडे बघत राहिले, मग घसा खाकरून म्हणाले, "दोघंही येतील. मी पाठवीन."

उकंडाजी खाली बसले. फेट्याच्या शेमल्याने त्यांनी डोळे पुसले आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून हळूच इकडेतिकडे बघितलं. सगळं गाव त्यांच्याकडेच बघत होतं.