सजीव दालनातल्या सासूबाई

"आईला कुठेही ने, पण जिथे बसायची धड सोय नाही तिथे नेऊ नकोस," असं माझ्या नणंदेने मला लग्नानंतर लगेच बजावलं होतं. मी हो हो म्हणून सोडून दिलं. नणंदेच्या सगळ्या सूचना मनावर घेतल्या तर माणसाने नांदायचं कधी?

तर जगातल्या संस्कृतींचं प्रदर्शन बघायला आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो. प्रवासात टिपलेली छायाचित्रं आणि सजीव सादरीकरणं यांच्या माध्यमातून दूरदूरच्या माणसांशी नातं जोडणे, असा त्याचा घोषित उद्देश होता. नवरा गाडी लावायला गेला. बाळ झाल्यापासून मला एक खोड लागली आहे. कुठेही शिरले की मी आधी टेबलांचे कोपरे, उघडी सॉकेटं आणि बाहेर पडायचे दरवाजे बघून घेते. तेवढं सगळं बघितलं, आणि नेमकी तेव्हाच छकुली माझ्या कडेवर ओली झाली.

त्या दालनात बघण्यासारखं पुष्कळ होतं, टेकण्यासारखं काहीच नव्हतं. मधोमध एक पांढरा चौथरा तेवढा रिकामा दिसला.

"आई, इथं बसा जरा. हिचे कपडे बदलून आलेच."

"ये सावकाश. मला कोण पळवून नेतंय?" म्हणत सासूबाई माझा हात धरून टेकल्या आणि पिशवीतून मटार काढून सोलायला लागल्या. रिकाम्या हातांनी बसायला त्यांना लाज वाटते.

मी परतले तेव्हा चौथऱ्याभोवती लाल दोरी लागली होती आणि दोरीभोवती पन्नासेक माणसं. सगळ्यांच्या कानांवर प्रदर्शनाने दिलेले हेडफोन. एका परदेशी कलावतीने 'श्रम आणि प्रतीक्षा' सादर करायचं होतं, पण तिचं विमान चुकलं होतं. हे कार्यालयाला माहीत होतं, दालनाला नव्हतं.

"अहो, त्या कलावती नाहीत," मी रखवालदाराला म्हटलं. "माझ्या सासूबाई आहेत."

"मॅडम, दोरी लावायच्या वेळी चौथऱ्यावर बाई असेल, असं वरून ठरलं होतं. वेळ झाली, बाई होती. आम्ही याच्या पलीकडे काय तपासायचं?"

तेवढ्यात सासूबाईंना मी दिसले. "अगं, पाय आखडलाय. हात दे, उतरायचंय मला." त्यांनी हात पुढे केला. गर्दीतून एक हुंकार उठला. मी शेजारच्या बाईंचा हेडफोन मागून कानाला लावला. आत एक भारदस्त आवाज सांगत होता, "आता ती आटून गेलेल्या नदीकडे हात पसरते आहे."

मी संयोजकांना गाठलं. गळ्यात तीन देशांचे मणी आणि चेहऱ्यावर चौथ्याच देशाची शांतता.

"सादरीकरण चालू असताना कलाकृती हलवता येत नाही," ते म्हणाले.

"पण त्या माझ्या सासूबाई आहेत हो!"

"ताई, प्रत्येक कलाकृती कुणाची तरी सासू असतेच. म्हणूनच ती वैश्विक ठरते."

"निदान पाणी तरी देऊ द्या."

"पाण्याने रचनेचा आशय बदलेल. तहान मूळ संकल्पनेत आहे."

चाळीस देश पालथे घातलेला एक छायाचित्रकार जमिनीवर पालथा पडून मटारांच्या सालींचा फोटो घेत होता. "एवढं खरं दुःख मी फक्त वाळवंटापलीकडे पाहिलं होतं," तो पुटपुटला. सासूबाईंनी त्याच्या कॅमेऱ्यात बघून विचारलं, "बाळा, जेवलास का?" हेडफोनवर ही युद्धात हरवलेल्या मुलाला मारलेली हाक होती. चारपाच जणांनी डोळे पुसले. सासूबाईंना लघवीला जायचं होतं, हेही त्यांनी एकदोनदा स्वच्छ शब्दांत सांगितलं. त्याला सर्वाधिक टाळ्या पडल्या.

डोळे पुसणाऱ्यांत पुढच्या रांगेत माझा नवरा होता. गाडी लावून तो केव्हाच आत आला होता आणि हेडफोन लावून भारावून उभा होता. मी त्याची बाही ओढली.

"काय चेहरा आहे गं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "किती सोसलंय या बाईनं! कुठली असेल?"

"आपल्या मागच्या खोलीतली," मी म्हटलं आणि त्याच्या कानावरचा हेडफोन काढला.

"अरे मेल्या," चौथऱ्यावरून आवाज आला, "रडतोस काय? उतरव मला."

छकुलीला त्याच्या हातात कोंबून मी दोरीखालून आत शिरले आणि सासूबाईंना दोन्ही हातांनी उठवलं. संयोजकांनी याला 'उत्स्फूर्त शेवट' म्हणून मान्यता दिली. लोक उभे राहिले. टाळ्यांच्या गजरात आम्ही दोघी स्वच्छतागृहाकडे निघालो. वाट मात्र कुणी दिली नाही, कारण सगळे फोटो काढत होते.

तो फोटो आता सगळीकडे फिरतोय. कदाचित तुमच्याकडेही आला असेल आणि तुम्ही त्याखाली बदामही टाकला असेल. टाकलात ते बरं केलंत. आता एवढं वाचून झालंय तर फोन खाली ठेवा आणि तुमच्या घरात जे कुणी मघापासून एकाच जागी बसलेलं आहे, त्यांच्याजवळ जाऊन बघा. ते आवडीने बसलेत, की त्यांना कुणाचा हात मिळत नाहीये?