दिगाभाऊंचं माप

आमच्या शेजारचे दिगाभाऊ वानखडे भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता तुमच्या घरी आले, पंखा-कूलर बंद करायला सांगून कोपऱ्यात स्टूल टाकून बसले आणि चार वाजेपर्यंत जागचे हलले नाहीत, तर घाबरू नका. ते तुमच्या कॉम्प्युटरच्या रेडिएटरचं माप घेत आहेत.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जड कामं करणारे काही कॉम्प्युटर इतके तापतात की साध्या पंख्याने त्यांचं भागत नाही. मग त्यांच्या पोटातून पाणी खेळवतात. तापलेलं पाणी नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंख्यांनी निवतं आणि परत कामाला लागतं. रेडिएटर मोजायचा तो पंख्यांवर, म्हणजे एक पंख्याचा, दोन पंख्यांचा, तीन पंख्यांचा. कोणता घ्यावा हे दुकानदार खोक्यावर वाचून सांगतो. दिगाभाऊ खोकं उघडायच्या आधीच बाजूला सारतात. खोक्यावरचे आकडे पंचवीस डिग्रीच्या खोलीत काढलेले असतात आणि अकोल्यात पंचवीस डिग्री म्हणजे स्वेटर घालायचे दिवस. "कंपनीवाल्याइले मे महिना माहीत नाही," असं ते म्हणतात. दिवसातून निदान दोनदा म्हणतात.

दिगाभाऊंचा सारा जन्म ट्रॅक्टरच्या आणि ट्रकच्या गळक्या रेडिएटरांना डाग देण्यात गेला. त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर काढायला शिकली. न बांधलेला बंगला ती असा दाखवते की पाहणाऱ्याने चपला काढाव्यात. तिचा कॉम्प्युटर एकदा तापून बंद पडला म्हणून दिगाभाऊंनी तो उघडला, तर आत पाटीएवढा रेडिएटर. गावाकडचा नातेवाईक परदेशात भेटावा तसा त्यांना आनंद झाला. तेव्हापासून ट्रॅक्टर मागे पडले. अकोल्यात आणि पार अमरावतीपर्यंत कोणीही असला कॉम्प्युटर घ्यायचं म्हटलं की दिगाभाऊ खिशात थर्मामीटर घालून हजर.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो आणि मूळचा अमरावतीचा आहे. अमरावतीचा माणूस अकोल्याच्या उन्हाला नावं ठेवतो. फरक फार तर डिग्री-दीड डिग्रीचा असेल, पण अभिमानाला तेवढा पुरतो. त्याच अभिमानात मी दिगाभाऊंना न विचारता दोन पंख्यांचा रेडिएटर बसवून घेतला. मे महिन्यात एका नवरीच्या पाठवणीपाशी माझा कॉम्प्युटर जो बंद पडला, तो तीन दिवस पाठवणीपाशीच बंद पडत राहिला. शेवटी दिगाभाऊ आले. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी नळीला हाताचा पालथा पंजा लावला, मग पश्चिमेच्या भिंतीला लावला आणि स्टूल मागवलं. माझ्या बायकोने चहा विचारला, सरबत विचारलं. ते काहीच घेईनात. पोटात थंड गेलं की खोलीचा अंदाज बिघडतो म्हणे. बायकोला वाटलं, मी त्यांचा काहीतरी अपमान केला असावा आणि ते धरणं धरून बसलेत.

चार वाजता त्यांनी निकाल दिला, तीन पंख्यांचा. जाळीही विरळच हवी. जिनिंग गिरण्यांचा कापूस हवेतून उडत येतो आणि दाट जाळीत अडकून बसतो, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. मी म्हटलं, त्यापेक्षा पंखे जोरात फिरवू. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"नितीनभाऊ, पाणी खोलीच्या खाली उतरत नसते. खोली पंचेचाळीस, त पाणी पंचेचाळीसच्या वरच राह्यते. आपल्या हाती फक्त किती वर, एवढंच हाय."

त्यांचं ऐकलं आणि नवरी एकदाची सासरी गेली.

पुढे मी त्यांच्यासोबत एकदा अमरावतीला गेलो. एका डॉक्टरांना मुलीसाठी असा कॉम्प्युटर करायचा होता. खोलीत एसी होता. दिगाभाऊंनी तो बंद करायला लावला आणि डॉक्टरांसकट सगळ्यांना दोन तास घामात बसवलं. का, तर लाइट गेल्यावर काय करणार. परतीच्या बसमध्ये मी विचारलं की लाइट गेल्यावर कॉम्प्युटरही बंद पडेल, मग रेडिएटरचं काय घेऊन बसलात. त्यांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. बडनेरा गेलं. मूर्तिजापूर आलं. तिथे बस थांबल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "इन्व्हर्टर." इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, एसी चालत नाही. बरोबरच होतं ते. त्यांचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नाही आणि चुकलं असं त्यांच्या तोंडून ऐकणारा माणूस तर अकोल्यात नव्हताच.

मापाचं हे वेड घरातही तेवढंच. पल्लवीला पाहायला एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. दिगाभाऊंनी त्याला एकच प्रश्न विचारला, की तो कोणत्या मजल्यावर राहतो. मुलगा म्हणाला, सगळ्यात वरच्या. वर गच्ची आहे का, तर आहे. दिगाभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि स्थळ तिथेच संपलं. पल्लवीला तो मुलगा तसाही आवडला नव्हता, त्यामुळे तिने बापाला माफ केलं.

गेल्या वर्षी दिगाभाऊंनी तिच्यासाठी स्वतंत्र कॉम्प्युटर बांधायला घेतला. तिने अकोल्यातच स्वतःचं काम सुरू करावं असं त्यांच्या मनात होतं. समोरच्या खोलीत मशीन ठेवायला शहाबादी फरशीचा ओटा बांधला. लोखंडी कपाटासारखी कॅबिनेट आणली आणि तीन पंख्यांचा रेडिएटर, तोही जाडजूड, वर बसवला. हे सगळं मिळून दोन माणसांना उचलवत नव्हतं. अशातच पल्लवीला पुण्यातून नोकरीचं बोलावणं आलं. ती जाऊन रुजू झाली, दोन महिन्यांत कायम होणार की परत येणार ते ठरणार होतं. दिगाभाऊंच्या हाताला त्यानंतर जास्तच वेग आला. मी एकदा कॅबिनेट धरायला गेलो असताना वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दारात उभ्या होत्या. नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने त्या मला म्हणाल्या, "मशीन कायची, पोरीले बांधून ठेवाचा खुंटा करून राह्यले."

दिगाभाऊ स्क्रू पिळत राहिले.

मे महिन्यात पल्लवीचा फोन आला. कंपनी तिला कायम करायला तयार होती. आठवड्यातले काही दिवस खोलीवरून काम करायचं होतं आणि त्यासाठी तिला बाबांनी बांधलेलंच मशीन हवं होतं. ते पुण्याला आणता येईल का, असं तिने विचारलं. दिगाभाऊ म्हणाले, तिथली खोली मी पाहिलेली नाही, न पाहता सांगता येत नाही. ती म्हणाली, मग येऊन बसा. आपल्याच नियमात माणूस असा क्वचित सापडतो.

मला लेन्स दुरुस्तीसाठी पुण्याला जायचंच होतं, म्हणून वहिनींनी मला त्यांच्यासोबत जोडून दिलं. रस्ताभर दिगाभाऊ मला पुण्याची खोली कशी असेल ते सांगत होते. पत्रे असतील, खिडकी नसेल, भिंत पश्चिमेची असेल. मशीन तिथे टिकणार नाही, मशीन टिकणार नाही म्हणजे पोरीचं काम टिकणार नाही. त्यांची सगळी भिस्त त्या खोलीच्या गरमीवर होती.

खोली दुसऱ्या मजल्यावर निघाली. वर आणखी दोन मजले होते. खिडकीसमोर मोठं झाड, आत पल्लवी आणि तिची एक मैत्रीण अशा दोघी राहत होत्या. दिगाभाऊ दोन वाजता स्टुलावर बसले, पंखा बंद केला, थर्मामीटर टेबलावर ठेवलं. पल्लवीही त्या दिवशी खोलीवरूनच काम करत होती. तिने तक्रार केली नाही, ओढणीने मान पुसत ती कंपनीच्या लॅपटॉपवर एका दवाखान्याच्या पायऱ्या काढत बसली. मध्येच ती मैत्रीण आली, काका बसलेत हे पाहून स्वयंपाकघरात गेली, पल्लवी तिच्यामागे गेली आणि दोघी तिथे कशावर तरी पोट धरून हसल्या. अकोल्याच्या घरात पल्लवीला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दिगाभाऊंनीही पाहिलं नसावं, कारण ते बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

तीन वाजता थर्मामीटर चौतीसवर होतं. त्यांनी ते झटकलं. साडेतीनलाही चौतीस. पल्लवी पाणी आणायला उठली तेव्हा त्यांनी ते हळूच टेबलावरून उचललं आणि खिडकीतून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर येत होता त्याच्यात नेऊन धरलं. मी पाहतोय हे त्यांना कळलं. मी दुसरीकडे पाहिलं. पल्लवी परत यायच्या आधी थर्मामीटर पुन्हा टेबलावर होतं, पहिल्या जागी.

"किती, बाबा?" तिने विचारलं.

ते थर्मामीटरची काच पुसत राहिले. ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली.

"बाबा, मले इथं करमते. पण तुमी जे दिसून राह्यलं तेच सांगा."

दिगाभाऊंनी थर्मामीटर तिच्या हातात दिलं आणि पंखा लावायला उठले.

अकोल्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली. कपाटाएवढी कॅबिनेट फरशीवर आडवी केलेली होती. त्यांनी तीन पंख्यांचा रेडिएटर सोडवला, त्यातलं पाणी बादलीत काढलं आणि आतला सगळा ऐवज एका लहानशा कॅबिनेटमध्ये हलवून तिला दोन पंख्यांचा बसवला. एका हाताने उचलून पाहिली. मग माझ्याकडून टॅक्सीत मागच्या सीटवर ही कशी बसेल याचा अंदाज घेतला आणि पल्लवीला फोन लावला. मशीन तयार आहे, रविवारी घेऊन येतो, दोन पंख्यांचा पुण्याला मस्त पुरते, असं सांगितलं.

पल्लवीला आनंद झाला. पण ती त्यांचीच मुलगी. तीन पंख्यांचा अकोल्याच्या उन्हासाठी होता हे ठीक, पण दोघांना उचलवेना एवढी जड कॅबिनेट काहून घेतली होती, असं तिने विचारलं. फोन स्पीकरवर होता. वहिनी भाजी निवडायच्या थांबल्या. खरं कारण आम्हा तिघांनाही माहीत होतं. ते ऐकलं असतं तर पल्लवीने पुण्याच्या नोकरीचा पुन्हा विचार केला असता, हेही माहीत होतं. दिगाभाऊंनी नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

"माप चुकलं माह्यं," दिगाभाऊ म्हणाले.

पलीकडे पल्लवी हसत सुटली. बाबांचं माप चुकलं, आता अख्ख्या अकोल्याला सांगते, म्हणाली. सांग म्हणाले. या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली आहे आणि पुढेही करीन, पण त्या वेळी माझ्याने त्यांच्याकडे बघवेना. ती हसतच होती. दिगाभाऊ ओट्यावर बसून, फोन दोन्ही हातांत धरून, ते संपेपर्यंत ऐकत राहिले.