मोंडकरांचा जॉर्जिया

टीव्हीवरच्या चर्चा बघून तुमचं ब्लडप्रेशर वाढतं, त्या बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कल्याणच्या साईनाथराव मोंडकरांनी ते चक्क ऐकलं. (डॉक्टरांचं ऐकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि पुढे जे झालं ते बघता शेवटचीही.) आता ठाण्याच्या नौपाड्यातल्या ऑफिसातून घरी आल्यावर करायचं काय, हा प्रश्न उरला. तो त्यांच्या मुलीने, सोनलने सोडवला. तिने त्यांना मोबाइलवर नकाशाची क्विझ काढून दिली. जगाचा कोरा नकाशा, वर एका देशाचं नाव येणार, आपण तो देश शोधून त्यावर बोट ठेवायचं. बरोबर असेल तर देश हिरवा होतो, चुकला तर लाल.

पहिल्या संध्याकाळी मोंडकरांनी पोर्तुगाल आफ्रिकेत टाकला आणि बघता बघता अर्धं जग लाल केलं. पण माणूस चिकाटीचा. दोनेक महिन्यांत असा हात बसला की नाव वाचून होईस्तोवर बोट देशावर. मग त्यांना देश कुठेही दिसू लागले. बाथरूमच्या भिंतीवरच्या ओलीत नॉर्वे सापडला. डोशाचा तुकडा तोंडापाशी नेऊन "हा बघ सोमालिया" म्हणत ते तो गार करायचे. (त्यांच्या पत्नी सुमतीबाईंच्या पोळ्या गोल असायच्या, त्यामुळे तिथे काही वाव नव्हता.) मार्केटमधल्या खजूरवाल्याला त्यांनी त्याच्याच खजुरांत ट्युनिशिया आणि ओमान दोन्ही दाखवले. "काका, लेना है क्या?" एवढंच तो म्हणाला.

अशात सोनलचं लग्न ठरत आलं. मुलगा कल्याणजवळच्याच मोहने गावचा, ऋतुराज नाचणकर, एका सॉफ्टवेअर कंपनीत. दोघांचं जमलेलं, घरच्यांचंही पटलेलं; आता फक्त तारीख धरायची म्हणून रविवारी नाचणकर मंडळी मोंडकरांकडे यायची होती.

"आज नकाशा काढायचा नाही," सुमतीबाईंनी सकाळीच बजावलं.

"मी काय लहान आहे?" मोंडकर म्हणाले आणि मोठ्या मनाने मोबाइल फ्रिजवर ठेवून आले.

सगळं नीट चाललेलं. पोहे झाले, चहा झाला. सोनल आणि ऋतुराज कुल्फी आणायला खाली गेले. मग ऋतुराजचे वडील, भालचंद्रराव, म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. कंपनी ऋतुराजला दोन वर्षं जॉर्जियाला पाठवतेय."

मोंडकरांच्या अंगात वीज खेळली. दोन महिन्यांच्या तपश्चर्येला अखेर कोणीतरी हाक मारली होती.

"अमेरिकेत हो," नंदाताईंनी, ऋतुराजच्या आईने, पुस्ती जोडली. "इतक्या लांब. माझा तर जीवच थाऱ्यावर नाहीये."

"अमेरिकेत?" मोंडकर समजुतीने हसले. "नाही नाही ताई. जॉर्जिया रशियाच्या खाली. काळ्या समुद्राला लागून."

"अमेरिकाच म्हणालेला तो."

"थांबा, दाखवतो." सुमतीबाई "अहो" म्हणेपर्यंत मोबाइल फ्रिजवरून टेबलावर आला. मोंडकरांनी जॉर्जिया येईपर्यंत सटासट देश उडवले, आणि नाव येताच बोट ठेवलं. "बघा. हिरवा झाला."

नंदाताईंनी चष्मा लावून बघितलं. हिरवा झालेला दिसतच होता.

"मग अमेरिका कुठंय?"

मोंडकरांनी नकाशा सरकवला. युरोप गेला, मग निळं पाणी आलं, ते संपेचना. नंदाताई त्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे पोरगा खोटं बोलला आमच्याशी," त्या हळूच म्हणाल्या.

"कंपनीनेच फसवलं असेल त्याला," भालचंद्रराव म्हणाले. "तिकडे रशियाची भानगड असते ना काहीतरी?"

"मागे लढाई झालेली," मोंडकरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

नंदाताईंनी ऋतुराजला फोन लावला. त्याचा मोबाइल सोफ्यावरच चार्जिंगला होता, तिथेच वाजला. त्या रिंगटोनने तर त्यांचे डोळेच भरून आले.

सुमतीबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. ती नजर मोंडकर तीस वर्षं ओळखून होते. त्यांनी घाईघाईने जॉर्जिया सावरायला घेतला. "तसा देश छान आहे हो. डोंगर, बर्फ. द्राक्षं तर फारच. वाइन म्हणे जगात सगळ्यात आधी तिथेच केली."

"वाइन?" नंदाताईंनी विचारलं.

भालचंद्ररावांनी घसा साफ केला. "मोंडकरसाहेब, तारीख आत्ता नको धरायला. आधी हे काय आहे ते कळू दे. वर्षभराने बघू."

मोंडकरांच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाभर सोनल फोनवर बोलताना बाल्कनीत कशी हसायची ते त्यांना आठवलं. आपण एका बोटाने तिचं लग्न लाल केलं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात कुल्फी घेऊन दोघं आले. समोर रडणारी आई, गप्प बाबा आणि मधे मोबाइल बघून ऋतुराज दारातच थांबला.

"तू लढाईच्या गावाला चाललायस आणि आम्हाला अमेरिका सांगतोस?" नंदाताई म्हणाल्या.

सगळा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. "अगं आई, अटलांटाला जातोय मी," ऋतुराज म्हणाला. "अमेरिकेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे. काका म्हणतायत तो देश वेगळा."

"राज्य?" मोंडकरांनी मोबाइल उलटसुलट केला. "पण याच्यात राज्यं नाहीत."

"बाबा, राज्यांची क्विझ वेगळी असते," सोनल म्हणाली.

नंदाताईंनी डोळे पुसले. गंमत अशी की, जी अमेरिका तासाभरापूर्वी त्यांना जगाच्या टोकाला वाटत होती, ती आता अगदी अंबरनाथच्या अलीकडे आल्यासारखी झाली. "अमेरिका असेल तर जा बाबा," त्या म्हणाल्या. "पण एकटा नको. लग्न करून दोघं जा. मला नाही पुन्हा असली धडधड झेपायची." आणि वर्षभरावर गेलेली तारीख दोन महिन्यांवर आली.

कुल्फी एव्हाना पातळ झाली होती. मोंडकरांनी ती वाटीत घेतली, पण चमचा हातात तसाच राहिला. मघाशी सरकवलेलं ते निळं पाणी आता त्यांच्या मुलीच्या आणि त्यांच्या मधे येणार होतं. सुमतीबाईंनी ते ओळखलं. रागवायचं त्यांनी पुढे ढकललं आणि आपल्या वाटीतली कुल्फीही त्यांना दिली.

आठवड्याने नंदाताईंचा फोन आला. आवाज प्रसन्न होता. बोलणं चांगलं रंगलं, विहीणबाई म्हणून मोंडकरांनी दोनदा हाकही मारली. हॉल कल्याणातच ठरला होता, मोंडकरांच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर.

"आमच्या पाहुण्यांना हॉल कुठे आहे ते कळवायचंय," नंदाताई म्हणाल्या.

"अहो, त्यात काय. मी आत्ता नकाशा पाठवतो."



"नको," नंदाताई अगदी मायेने म्हणाल्या, "जरा सुमतीताईंना फोन देता का?"